फेअर वही

३ ऑक्टोबर, सोमवार

दोन वह्या जवळ आहेत. एक संस्थेने दिलेली 'अनुभव वही'. तीत रोज दहा ओळी लिहायच्या आणि शनिवारी दाखवायच्या. तीत आज लिहिलं, 'समुद्रविज्ञानाच्या या उपक्रमात सहभागी होताना मन आनंदाने भरून आलं.' ही दुसरी वही माझी. हिच्यात खरं लिहीन. सकाळपासून दोनदा ओकले, आणि बोट तोपर्यंत धक्क्यालाच बांधलेली होती.

चार आठवडे इथे राहायचंय. शाळेतल्या शिक्षकांनी समुद्राच्या संशोधनात खरं काम करायचं आणि परत जाऊन मुलांना समुद्र शिकवायचा, अशी ही कल्पना. बावीस वर्षं मी आठवीला विज्ञान शिकवतेय. दर वर्षी निळ्या खडूने फळ्यावर समुद्राचा उभा छेद काढते. स्वतः मात्र घोट्याच्या वर पाण्यात गेलेली नाही. मुख्याध्यापकांनी नाव सुचवलं तेव्हा लगेच हो म्हणाले, कारण घरात बसवत नव्हतं. शाळेतही बसवत नव्हतं. का, ते विचारू नये.

जोडीला दुसऱ्या एका शाळेचे भूगोलाचे सर आहेत. पोट पुढे, विनोद त्याच्याही पुढे. मी त्यांना भूगोलच म्हणते, आणि त्यांना ते आवडतं. आमच्या प्रमुख संशोधक बाई माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाच्या. दोन जिने एका दमात चढतात, बोलताना मान इकडून तिकडे. मी त्यांचं नाव चिमणी ठेवलंय. अर्थात फक्त या वहीत.

चिमणीने आल्या आल्या नियम सांगितले. नोंद जागेवर करायची, पेन्सिलीने. खोडरबर नाही. चुकलं तर एकच रेघ मारून बाजूला सही. कागद कितीही मळला तरी फेकायचा नाही. मी मान डोलावली. बावीस वर्षं प्रयोगवह्या तपासणाऱ्या बाईला नोंद कशी करायची ते शिकवते! नाकापेक्षा मोती जड.

६ ऑक्टोबर, गुरुवार

पहिली फेरी झाली. बंदराबाहेर एका ओळीत सात पिंपं तरंगत ठेवली आहेत, आकडे रंगवलेली. सातवं पिंप शहराच्या सांडपाण्याच्या नळाजवळ आहे. प्रत्येक पिंपापाशी दोरीला बांधलेली लांब नळकांडी-बाटली तळापर्यंत सोडायची. मग दोरीवरून एक लोखंडी वजन खाली सोडायचं. ते जाऊन आदळलं की बाटलीची दोन्ही तोंडं मिटतात आणि तळाचं पाणी आत कोंडलं जातं. त्या वजनाला इथे 'निरोप्या' म्हणतात. मला शब्द आवडला. अनुभव वहीत नाही लिहिला, इथे लिहिला.

वर आलेल्या पाण्यात दोन औषधं घालायची. पाण्यात प्राणवायू भरपूर असेल तर घट्ट तपकिरी गाळ बसतो, कमी असेल तर फिकट, मुळीच नसेल तर पांढरा. नेमका आकडा दुपारी प्रयोगशाळेत निघतो. हे मोजणारं यंत्र होतं, ते दुरुस्तीला गेलंय, म्हणून हातानेच चाललंय. भूगोल मापाच्या काचनळीवरचा आकडा वाचून सांगतात, मी बोटीवरच्याच कागदावर लिहिते. आज सगळीकडे साडेपाच-सहाच्या आसपास. सातव्याला ५.७. चिमणी म्हणाली, "पाचच्या खाली गेलं की तळाच्या जिवांना त्रास, दोनच्या खाली गुदमरतात. मला तीन वर्षं वाटतंय, सातव्याजवळ असं होत असणार. पण वाटून काय उपयोग?"

नळाचं तोंड लांब न्यायचं की पाणी आधी स्वच्छ करायचं, यावर २८ तारखेला नगरपालिकेची समिती बसणार आहे. तिथे तिला बोलायचंय. तोवर तिची रोज शहरात धावपळ आहे. मोजणी आमच्यावर सोडली आहे.

बोटीवरचे कागद पाहून मला कसंतरीच झालं. खारं पाणी, तेलाचे डाग, भूगोल सरांच्या अंगठ्याचा ठसा. संध्याकाळी बसून सगळं नोंदवहीत सुवाच्य अक्षरात उतरवलं, समास आखून. फेअर झाल्यावर रफ ठेवून कोणाचं भलं होणार? कागद फाडून बादलीत टाकले.

८ ऑक्टोबर, शनिवार

चिमणी घाईत येऊन नोंदवही पाहून गेली. "किती सुंदर अक्षर आहे तुमचं!" म्हणाली. बाकी काही विचारलं नाही. कौतुक कोणाला नको असतं? मी दिवसभर हवेत होते.

लेकीचा फोन. म्हणजे ह्यांनी लावून तिच्या हातात दिला.

"कशी आहेस?"

"बरी."

"काय करतेस?"

"काढतेय."

चित्र काढतेय, असं पूर्ण म्हण, म्हटलं. तर म्हणाली, "बाबांना देते."

ह्या मुलीचं मला कळत नाही. दहावीला प्रयोगवहीत पाणी उकळण्याचं तापमान काहीतरीच लिहिलं होतं. रात्रीचा दिवस करून मी तिला वही फेअर करायला लावली, शंभर लिहून घेतलं. पैकीच्या पैकी गुण पडले. आणि अकरावीला पोरीने विज्ञान सोडलं! पैकीच्या पैकी पडूनसुद्धा! कारण विचारलं तर म्हणते, "तुला नाही कळणार." मला नाही कळणार तर कोणाला कळणार?

१० ऑक्टोबर, सोमवार

आज ओकले नाही. बोट चालवणारा तांडेल म्हणाला, "मास्तरीणबाई, आता तुम्ही बोटीच्या झालात."

भूगोलाने मात्र डोकं उठवलं. सहा पिंपांपर्यंत सगळं ठीक, साडेपाच ते सहा. सातव्याला औषधं घातली तर गाळ पांढरट, ताकाच्या निवळीसारखा. दुसरं औषध कमी घातलं असणार, गप्पा मारत होते ना. दुपारी नळीवरचं वाचून म्हणाले, "एक पॉइंट सहा."

मी म्हटलं, "नीट बघा."

"बघितलं. एक पॉइंट सहा."

आठवीची अर्धी मुलं आकडे उलटे लिहितात, त्यांचे मास्तरही तसेच असणार. शेजारच्या सहाव्या पिंपाला ५.९ आहे. मग सातव्याला ६.१ असणार हे शेंबडं पोरही सांगेल. नोंदवहीत ६.१ केलं. चार लोकांत बोलून त्यांचा अपमान कशाला करा? शिक्षकच शिक्षकाची लाज राखतो.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

पुन्हा तेच! सातव्याला "एक पॉइंट पाच". म्हणजे ५.१. गाळ पुन्हा पांढरट. मीच आज औषध घातलं होतं, बरोबर मोजून, तरी पांढरट. बाटली नीट धुतली नसणार. दोनदा धुतली, मग आणखी एकदा.

गंमत म्हणजे सर दुसऱ्या कुठल्याही पिंपाला उलटं वाचत नाहीत. सातवं शेवटी येतं, तोवर दमत असणार. वय झालं की असं होतं. त्यांना हळूच चष्म्याचा नंबर तपासायला सांगितलं. ते म्हणाले, "बाई, गेल्याच महिन्यात तपासला. मला तर तुमच्या कपाळावरच्या आठ्यासुद्धा मोजता येतात."

उद्धट माणूस.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

खोलीत बसवत नाही. सुट्टी आहे, तरी तीन वेळा धक्क्यावर जाऊन आले. जाताना पावलं मोजली, चारशे बारा. येताना चारशे वीस. दोनदा आणखी मोजली तरी जुळेना. काय हरवलंय ते कळत नाही, पण काहीतरी शोधल्यासारखं फिरतेय.

तांडेल खेकड्यांचे पिंजरे उपसत होता. एका पिंजऱ्यातले सगळे मेलेले. "सातव्याकडचा आहे," म्हणाला. "त्या बाजूचा तळ दमलाय." मी म्हटलं, आम्ही मोजलंय, तिथे प्राणवायू उत्तम आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पिंजरा पाण्यात बुचकळून धुवायला लागला. शिकलेल्यांचं ऐकायचं नाही असं ठरवलेलंच असतं या लोकांनी.

१७ ऑक्टोबर, सोमवार

सातव्याला "शून्य पॉइंट सहा". ६.० लिहिलं. औषध मीच घातलं, गाळ आज पांढराशुभ्र. तीन फेऱ्यांत तीनदा उलटं.

चिमणी आली होती. नोंदवही उघडून बराच वेळ उभी राहिली. मान हलत नव्हती. म्हणाली, "खेकडे मरतायत आणि आकडे म्हणतायत सगळं छान आहे. म्हणजे मीच चुकत होते. तीन वर्षं." मग म्हणाली, "समितीपुढे तेच सांगावं लागेल. आकड्यांच्या बाहेर मी कशी जाऊ?"

मला तिची दया आली. माणूस एकदा मनात उत्तर धरून बसला की डोळ्यांपुढचं दिसत नाही. मी तिला चहा करून दिला.

२० ऑक्टोबर, गुरुवार

कालपासून वारा. फेरी रद्द. खिडक्या थडथडतायत, जेवणघरातली ताटं आपोआप सरकतायत. तांडेल म्हणतो, असा वारा समुद्र तळापासून ढवळून काढतो.

परत गेल्यावर आठवीला शिकवायचा पाठ तयार करायचाय. 'समुद्र श्वास घेतो' असं नाव दिलंय. आमच्याच आकड्यांचा आलेख काढणार आहे, रंगीत.

२२ ऑक्टोबर, शनिवार

आज अक्षर ओळीवर राहत नाही.

आलेख भिंतीला लावला. भूगोल चहाचा कप घेऊन समोर उभे राहिले, एकदा पाहिलं, जवळ गेले, पुन्हा पाहिलं.

"सातव्याचा खड्डा कुठे गेला?"

"कसला खड्डा?"

"अहो, एक पॉइंट सहा. मग पुढे आणखी खाली. तिथे तर रेघ तळाला टेकायला हवी."

मी शांतपणे सांगितलं, तुम्ही उलटं वाचत होता, मी सुधारून घेतलं, कोणाला बोलले नाही, काळजी करू नका.

त्यांनी कप खाली ठेवला. पहिल्यांदाच त्यांना विनोद सुचला नाही. "बाई, मी भूगोल शिकवतो. पण आकडे मला वाचता येतात हो. दर वेळी तीन-तीनदा पाहून सांगितलं मी तुम्हाला."

"मग गाळ पांढरा..." असं मी म्हणायला गेले आणि तिथेच थांबले. पांढरा. आणि खेकडे. पहिल्याच फेरीला चिमणीने सांगितलं होतं, कमी असेल तर फिकट, मुळीच नसेल तर पांढरा. मीच लिहूनही घेतलं होतं.

बादली बघायला धावले. बारा दिवसांपूर्वीचे कागद बादलीत कसे असतील? तरी हात घालून पाहिलं.

२४ ऑक्टोबर, सोमवार

मनात म्हणत होते, आज फेरी आहे, सातव्याला पुन्हा कमी येईल, नव्याने लिहू, झालं गेलं बुडालं. काल दिवसभर तेवढ्यावर तग धरला.

आज सातव्याला ५.८. गाळ घट्ट तपकिरी. मीच वाचलं, मग सरांनी, मग पुन्हा मी. वाऱ्याने सगळं पाणी ढवळलं गेलं. तळ पुन्हा श्वास घेतोय, म्हणजे जे झालं होतं त्याचा मागमूस नाही. खेकड्यांना आनंद, मला रडू. आयुष्यात पहिल्यांदा मला एखादा आकडा वाईट यायला हवा होता.

शुक्रवारी समिती. रविवारी आम्ही घरी. गप्प राहिले तर कोणाला कळणार आहे? सर बोलणार नाहीत. सकाळी नुसतं म्हणाले, "तुम्ही ठरवा." हे तर आणखी वाईट. ओरडले असते तर मीही ओरडले असते.

२५ ऑक्टोबर, मंगळवार, सकाळ

सांगितलं. चिमणी जिन्यात भेटली, तिथेच सांगितलं, पायरीवर उभं राहून. वाटलं होतं रागावेल. ती खालच्या पायरीवर बसली.

"मूळ कागद?"

"फाडले."

"सगळे?"

"सगळे. फेअर केल्यावर मी रफ ठेवत नाही."

ती म्हणाली, "मीही मागायला हवे होते. अक्षर पाहून भुलले." आणि मग, "आकडे आठवतायत का?" सरांना पहिला नक्की आठवतोय, एक पॉइंट सहा. बाकीचे दोन 'साधारण'. ती म्हणाली, "समितीत आठवण चालत नाही. नोंदवहीतले आकडे आता परत उलटून दिले तरी नाही. उद्या कोणीही म्हणेल की बाईंना हवे तसे आकडे आठवले. त्या दिवशी, त्या तारखेला लिहिलेलं हवं. कुठेही. डब्याच्या झाकणावर असलं तरी चालेल." आणि उठून गेली. दोन जिने, पण एक-एक पायरी.

त्याच दिवशी, दुपार

डब्याच्या झाकणावर नाही. इथे आहे.

१०, १३, १७. तिन्ही पानं काढून पाहिली. आकडा, गाळाचा रंग, औषध कोणी घातलं, सगळं आहे. भूगोलाला नावं ठेवायच्या नादात मी इतकी नीट नोंद केली आहे की जन्मात कधी केली नसेल.

आणि चिमणी आहे. नाकापेक्षा मोती जड आहे. उद्धट माणूस आहे. शिकलेल्यांचं न ऐकणारे लोक आहेत. माझं ओकणं आहे. लेक आहे.

फक्त तीन पानं फाडून द्यावी का? फाडलेल्या पानावर कोण विश्वास ठेवेल? मग वाटलं, तेवढाच मजकूर स्वच्छ कागदावर उतरवून द्यावा, नको ते वगळून. पेन हातात घेतलं, समासही आखला. आणि मग स्वतःचीच इतकी लाज वाटली की पेन फेकून दिलं. अजून फेअर करतेय मी! पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. घडा मीच.

भीती वाटतेय. माझी शाळेत जी किंमत आहे ती चुका काढणारी बाई म्हणून आहे. ही वही वाचल्यावर तीही उरणार नाही. पण वही नाही दिली, तर त्या पोरीची तीन वर्षं माझ्या सुंदर अक्षराखाली गाडली जातील.

देऊन येते. आत्ता. बसून राहिले तर नाही देणार.

२९ ऑक्टोबर, शनिवार

चार दिवस वही नव्हती. त्या चार दिवसांत धक्क्यावर किती वेळा गेले ते मोजलं नाही.

बुधवारी चिमणीने नोंदवही माझ्यापुढे ठेवली. ६.१ वर एकच रेघ, वर १.६, बाजूला माझी सही. ५.१ वर रेघ, १.५, सही. ६.० वर रेघ, ०.६, सही. माझ्या त्या देखण्या पानाचं वाटोळं झालं. भूगोल शेजारी उभे होते. म्हणाले, "आता कशी खरी वही वाटतेय." मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "उद्धट माणसाची कसली माफी?" म्हणजे त्यांनीही वाचलंय! सगळ्यांनी वाचलंय.

काल समिती झाली. चिमणीने चूक लपवली नाही. नोंद कशी बदलली गेली ते आधी सांगितलं, मग तिन्ही पानांच्या प्रती पुढे ठेवल्या. एका सभासदाने विचारलं, "ही चिमणी कोण?" ती म्हणाली, "मीच ती." लोक हसले. पण वाचलं सगळ्यांनी. एक जण म्हणाले, खासगी वहीतल्या कुरबुरीवर शहराचा निर्णय घ्यायचा का? दुसऱ्या बाई म्हणाल्या, "अहो, या बाईला तर हे आकडे खोटे वाटत होते. ती कशाला रचेल?" शेवटी ठरलं ते एवढंच, की नळाचा विषय बंद न करता निर्णय पुढे ढकलायचा आणि पुढच्या वर्षी याच दिवसांत रोज मोजायचं. जिंकलो म्हणता येणार नाही. पण 'सगळं छान आहे' असं कागदावर गेलं नाही.

आज वही परत मिळाली. कुठे काही खोडलेलं नाही. फक्त १७ तारखेच्या पानाखाली पेन्सिलीने, आपण मुलांच्या वहीत करतो तसं:

'पाहिले. तिन्ही पानांवर वेळ लिहायची राहिली आहे. चहा चांगला होता. — चिमणी.'

मी खोलीचं दार लावून रडले.

३० ऑक्टोबर, रविवार

सामान बांधून झालं. गाडीला दोन तास आहेत. पाठाचं नाव बदललंय. 'सातव्या पिंपाजवळ काय झालं?' आठवीला आधी तिन्ही आकडे देणार, मग विचारणार, बाईंनी काय केलं असेल? कार्टी लगेच ओळखतील.

घरी फोन लावला. हे म्हणाले, "तिला बोलावू?" म्हटलं, हो, तिच्याशीच बोलायचंय.

"काय गं?"

मी काय विचारायचं ते घोकून ठेवलं होतं, तरी अडखळले. म्हटलं, "दहावीच्या त्या प्रयोगात पाणी उकळल्याचा आकडा तू आधी काय लिहिला होतास? मी शंभर करायच्या आधी?"

पलीकडे तिने पेन्सिल खाली ठेवल्याचा आवाज आला. म्हटलं, नसेल आठवत, चार वर्षं झाली त्याला.

"सत्त्याण्णव," ती म्हणाली. "तीन वेळा घेतलं होतं, आई. तिन्ही वेळा सत्त्याण्णव. मी तुला सांगत होते."

थर्मामीटर खराब होता की पाण्यात काही होतं, ते आता कळायला मार्ग नाही. हेही मी तिला सांगणार होते. नाही सांगितलं. म्हटलं, "थांब, लिहून घेते."

दहावीचा प्रयोग. पाणी उकळण्याचं तापमान: ९७. तीन वेळा. मोजणारी, माझी लेक. नोंद घेतली आज, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी. बदल नाही.